व्हायकिंग ढालाईत मुलीची कुमार कादंबरी वाचताना पडलेले प्रश्न

वनमाला (धागाकर्ती)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझी १४ वर्षांची मुलगी एक इंग्रजी कुमार कादंबरी घेऊन बसली आणि चौथ्या दिवशी ती माझ्या उशाशी ठेवून, "आई, हे वाच आणि असे खरोखर होते का ते मला सांग," असे बजावून निघून गेली. कथानकाविषयी मोकळेपणाने बोलायचे आहे आणि ज्यांना ती वाचायची असेल त्यांचा रसभंग होऊ नये, म्हणून कादंबरीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. गोष्ट थोडक्यात अशी : नवव्या शतकातील, म्हणजे व्हायकिंग या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लढवय्यांच्या काळातील नॉर्वे, समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या काठावरचे एक गाव, सोळा वर्षांची नायिका. पिढीजात वैरातून तिचा थोरला भाऊ मारला जातो. वडील थकलेले असल्यामुळे ती भावाची ढाल उचलते, गलबतावर जाते, दोन हिवाळे लढाई शिकते आणि शेवटी भावाच्या मारेकऱ्याला एका बेटावर द्वंद्वात ठार करते. परत आल्यावर गाव तिला गलबताची म्होरकी करते.

वाचताना मी रमले, हे आधी कबूल करते. डांबराचा वास, भिजलेल्या लोकरीचे अंगावर येणारे ओझे, शेजारच्या माणसाचा श्वास कानाशी ऐकू येईल इतक्या दाटीने लावलेली ढालींची भिंत आणि त्या भिंतीत उभ्या राहिलेल्या मुलीचे मुठीतून निसटू पाहणारे धैर्य, हे सारे लेखिकेने इतक्या बारकाईने लिहिले आहे की पहिली शंभर पाने मी उभ्या उभ्याच वाचली. नंतर मात्र एक गोष्ट खुपू लागली. नायिकेला मागावर बसणाऱ्या बायकांचा मनापासून तिटकारा आहे. तिची आई, मावशी, शेजारच्या मुली सतत कातत आणि विणत असतात आणि लेखिका त्यांच्याकडे नायिकेच्याच डोळ्यांनी पाहते. त्यांना चेहरे नाहीत, मते नाहीत, एकमेकींशी भांडणसुद्धा नाही. जणू एका मुलीला शूर ठरवायचे तर बाकीच्या साऱ्याजणींना मेंढरे ठरवणे भागच आहे.

म्हणून माझे प्रश्न दोन आहेत. पहिला मुलीचा : त्या काळी मुली खरोखर लढत होत्या का? दुसरा माझा : तलवार हाती घेण्यासाठी टकळी फेकून देणे ही त्या काळाची अट होती, की ती आजच्या लेखिकेने घातली आहे? ज्यांचा या विषयाचा अभ्यास किंवा निदान वाचन आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ता. क. : जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, अशा मुलीला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'ढालवाली कुमारी' असा होतो. 'वीरांगना' म्हटले की डोळ्यांपुढे लगेच चौकातला पुतळा येतो. म्हणून मी आपला जुना 'ढालाईत' हा शब्द वापरला आहे. अधिक चांगला सुचल्यास सांगावा.

उत्तररेषा

वनमालाताई, धागा अगदी वेळेवर आला. मी गेली नऊ वर्षे स्वीडनमध्ये उप्साला येथे राहते आणि आपल्या लेकीच्या प्रश्नाचे जे उत्तर लोक सर्वप्रथम पुढे करतात, त्या जागी दोनदा जाऊन आले आहे. स्टॉकहोमच्या पश्चिमेस मेलारेन नावाच्या विस्तीर्ण सरोवरात ब्यर्को हे बेट आहे आणि त्यावर बिर्का हे व्हायकिंग काळातले व्यापारी नगर होते. उन्हाळ्यात स्टॉकहोमहून बोट जाते. उतरल्यावर दिसते ती हिरवळ, मेंढ्या आणि जिकडे पाहावे तिकडे थडग्यांचे उंचवटे.

याल्मार स्टोल्पे या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली सुमारे अकराशे थडगी उकरली. त्यांतले एक १८७८ साली उघडले आणि पुढे त्याला ५८१ हा क्रमांक मिळाला. लाकडाने बांधलेल्या खोलीसारख्या त्या दहाव्या शतकातील थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, लढाईचा सुरा, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली आणि पायाच्या बाजूला एक घोडा व एक घोडी असा सरंजाम होता. शिवाय एका पटाच्या सोंगट्यांचा संचही होता. एवढी शस्त्रे पाहिल्यावर ते थडगे पुरुषाचेच असणार हे इतके उघड मानले गेले की पुढची शंभराहून अधिक वर्षे ते 'आदर्श योद्ध्याचे थडगे' म्हणून पुस्तकांतून छापले जात राहिले. हाडे पाहून ती बाईची वाटतात असे म्हणणारे मधूनमधून निघाले, पण शस्त्रांपुढे हाडांचे कोणी ऐकले नाही. अखेर २०१७ साली शार्लट हेडेनस्टियेर्ना-यॉनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात आणि दंडाचे हाड यांतून जनुकीय नमुने घेतले. दोन एक्स गुणसूत्रे सापडली, वायचा पत्ता नव्हता. थडग्यातली व्यक्ती स्त्री होती.

आता सावधगिरीचा भाग, कारण आपली लेक हुशार दिसते आणि तिला अर्धे उत्तर देणे बरे नव्हे. बातमी बाहेर पडताच जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'व्हायकिंग सेनानी स्त्री' असे मथळे दिले. त्याच वर्षी जुडिथ जेश या नॉर्स साहित्याच्या अभ्यासिकेने जाहीरपणे शंका उपस्थित केल्या. इतक्या जुन्या उत्खननातली हाडे पेट्यांमध्ये सरमिसळ न होता राहिली याची खात्री काय, आणि शस्त्रांसह पुरलेली व्यक्ती शस्त्रे चालवत होतीच असे कशावरून, हे त्यांचे प्रश्न होते. नील प्राइस प्रभृती संशोधकांनी २०१९ साली सविस्तर उत्तर दिले. हाडांवरच्या मूळ खुणा आणि स्टोल्पेचे आराखडे जुळतात, हे त्यांनी दाखवले. दुसऱ्या शंकेला त्यांचे उत्तर मला अधिक पटते. इतकी वर्षे तीच व्यक्ती पुरुष समजली जात होती, तेव्हा 'ही शस्त्रे केवळ प्रतीकात्मक असतील' असे कोणालाच सुचले नव्हते. तरीही हाडांवर लढाईतल्या जखमांची खूण नाही, हे खरे आहे. आणि ज्यांच्याविषयी कधीच वाद झाला नाही अशा कित्येक पुरुषांच्या हाडांवरही ती नसते, हेही खरे आहे.

आणखी एक तपशील कादंबरीच्या विरुद्ध जातो. मृत्यूच्या वेळी ती बाई तिशी ओलांडलेली होती. दातांमधल्या खनिजांवरून ती बालपणी एकाच जागी वाढलेली नव्हती, असे दिसते. म्हणजे आपल्यासमोर आहे ती बरेच फिरलेली, बहुधा बरेच पाहिलेली प्रौढ बाई, आणि तिच्याजवळ सोंगट्या ठेवलेल्या. डावपेचांचा पट सोबत दिला म्हणून ती हुकूम देणारी असावी, असा एक तर्क आहे. मला तो थोडा ओढूनताणून वाटतो. तिला खेळायला आवडत असेल, इतकेही पुरे आहे. पण सोळा वर्षांची मुलगी दोन हिवाळ्यांत म्होरकी होते ही कल्पना मात्र या थडग्यापुढे फारच घाईची वाटते.

खडूस

माझे स्पष्ट मत असे आहे की कादंबरी ही कादंबरी असते आणि तिच्याकडून इतिहासाच्या पेपरातील उत्तरे मागणे हा तिच्यावर अन्याय आहे. एका थडग्यावरून फौज उभी करू नये आणि एका कादंबरीवरून काळ उभा करू नये. बाकी मुखपृष्ठावर शिंगांचे शिरस्त्राण असेल तर पुस्तक मिटून ठेवावे, एवढीच माझी कसोटी आहे.

वनमाला (धागाकर्ती)

खडूस, मुखपृष्ठावर शिंगे नाहीत, फक्त वाऱ्यावर उडणारी वेणी आहे. आपला पहिला मुद्दा मान्य करायला मला अडचण नाही, पण मुलीने विचारले त्याला 'ती गोष्ट आहे, सोडून दे' असे उत्तर दिले की ती गोष्टही सोडून देते आणि प्रश्नही, हा अनुभव मी एकदा घेतला आहे. उत्तररेषा, सोंगट्यांचे वाचून ती खुर्चीवरून उठलीच.

जुनी पोथी

शिंगांचा विषय निघाला आहे तर तो एका वाक्यात संपवतो : ती शिंगे १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाटकांच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली, आणि नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ साली सापडलेले व्हायकिंग काळातले खरे शिरस्त्राण साधे गोलसर, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेले आहे.

मुख्य विषयाकडे येतो. वनमालाताईंचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो आणि त्याचे उत्तर थडग्यांपेक्षा जुन्या गोष्टींमध्ये अधिक सापडेल. आइसलँडमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास लिहून काढलेल्या सागांपैकी (सागा म्हणजे जुन्या दीर्घ गद्यकथा) हेर्वोर आणि तिचा मुलगा हेड्रेक यांची एक सागा आहे. आपल्या कादंबरीच्या नायिकेची ही खरी पणजी. हेर्वोर जन्माला येण्यापूर्वीच तिचा बाप आंगांतिर आपल्या अकरा भावांसह साम्से बेटावर मारला गेलेला असतो आणि तिथेच तिरफिंग नावाच्या शापित तलवारीसह पुरलेला असतो. ही तलवार एकदा म्यानातून निघाली की कोणाचा तरी जीव घेतल्याशिवाय परत जात नाही. आजोबांच्या घरी वाढणारी हेर्वोर शिवणटिपणापेक्षा धनुष्य, ढाल आणि तलवार यांत अधिक रमते, रानात जाऊन वाटमारीही करते, आणि घरातले दास तिच्या बापाच्या कुळावरून तिला टोचून बोलतात तेव्हा खरे काय ते आजोबांकडून काढून घेते. मग ती आपल्याला मुलाला सजवावे तसे सजवून द्या अशी मागणी करते, पुरुषाचे नाव घेते, व्हायकिंगांच्या टोळीत जाते आणि तिची म्होरकी होते.

पुढचा प्रसंग साऱ्या नॉर्स साहित्यात मला सर्वांत भयानक वाटतो. रात्री त्या बेटावर थडग्यांभोवती ज्वाळा दिसतात, सोबतीचे लोक उतरायला तयार होत नाहीत आणि ती एकटी त्या आगीतून चालत जाऊन मेलेल्या बापाला हाका मारून उठवते. बाप म्हणतो, ही तलवार नेऊ नकोस, ती तुझ्या सगळ्या वंशाचा नाश करील. ती म्हणते, माझी मुले पुढे कशी भांडतील याची मला पर्वा नाही. दोघांचा हा संवाद कवितेत आहे आणि ती कविता अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी जॉर्ज हिक्स यांच्या ग्रंथात इंग्रजी अनुवादासह छापली गेली. संपूर्ण सागेची चांगली आवृत्ती ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी १९६० साली काढली.

आता प्रश्नाचे उत्तर. लुटीच्या स्वाऱ्यांचा कंटाळा आल्यावर हेर्वोर आजोबांकडे परत येते आणि शिवण-भरतकामाला बसते. एकाच वाक्यात, कोणताही गाजावाजा न करता. कोणी तिला हरवलेले नसते, कोणी तिची फजिती करत नाही, ती पश्चात्तापही करत नाही. पुढे तिचे लग्न होते, दोन मुलगे होतात आणि त्यांतला हेड्रेक त्याच तलवारीने आपल्या सख्ख्या भावाला, आजोबाचेच नाव असलेल्या आंगांतिरला मारतो. म्हणजे सागेच्या दृष्टीने मोल तलवारीचे द्यावे लागते, टकळीचे नाही. टकळी तिथेच असते. कंटाळा आला की परत येऊन हाती घ्यावी. आजच्या लेखिकेने तलवार फुकट दिली आणि टकळी महाग केली, असे मी म्हणेन.

सागांना मी स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा मानत नाही, हेही नोंदवतो. हेर्वोरला तलवार मिळते ती पुरुषाचे नाव घेऊनच. आइसलँडच्या जुन्या कायद्यात, ज्याला ग्रागास म्हणतात, बाईने पुरुषी कपडे घातले, पुरुषासारखे केस कापले किंवा शस्त्र बाळगले तर तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. लाक्सडेला सागेत अउद नावाच्या बाईला नवरा याच कारणावरून सोडतो की ती विजारी घालते. मग तीच अउद एका रात्री घोड्यावर बसून, विजार घालून, त्याच्या बिछान्यापाशी जाते आणि त्याला तलवारीने जखमी करून येते. सांगणाऱ्याला हा प्रसंग रंगवताना मजा वाटली असावी, असे वाचताना सतत जाणवते.

खडूस

विजारीवरून काडीमोड! माझी कसोटी मी मागे घेतो, ही सागा वाचली पाहिजे.

लोकरीचा गुंडा

मी इतिहासाची अभ्यासक नाही. गेली बारा वर्षे हाताने लोकर कातते आणि छोट्या मागावर विणते, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचा अधिकार घेते. शब्दश्लेषाबद्दल क्षमस्व.

नायिकेच्या आईची आणि मावशीची थट्टा करणाऱ्या त्या कादंबरीत गलबत आहे, असे वनमालाताईंनी लिहिले आहे. गलबत आहे म्हणजे शीड असणारच. व्हायकिंग गलबतांची शिडे लोकरीची असत. मेंढ्यांची लोकर कातरायची, विंचरायची, टकळीवर कातायची, उभ्या मागावर विणायची आणि शेवटी वारा आरपार जाऊ नये म्हणून त्या कापडाला चरबी, डांबर असे काहीबाही चोपडायचे. एका मोठ्या गलबताच्या शिडाला शेकडो मेंढ्यांची लोकर आणि कित्येक बायकांची वर्षे लागत. मी दिवसभर बसून जेवढे सूत काढते ते पाहिल्यावर, सूड घ्यायला निघालेल्या त्या मुलीला समुद्रापार नेणारा वारा प्रत्यक्षात कोणाच्या बोटांनी धरला होता, हे मला सांगावे लागत नाही. आई मागावर बसली नसती तर लेक बंदरातच बसली असती.

त्या मागाचे वर्णन करते, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. हा माग भिंतीला टेकवून उभा असतो. ताण्याचे धागे वरून खाली सोडलेले असतात आणि ते ताठ राहावेत म्हणून त्यांच्या टोकांना दगडाची किंवा मातीची वजने बांधतात. बाण्याचा धागा आडवा घातला की तो वरच्या बाजूला ठोकून बसवावा लागतो आणि त्यासाठी एक लांब पाते वापरतात. नॉर्वेतल्या सधन बायकांच्या थडग्यांत हे पाते लोखंडाचे सापडते आणि त्याचा आकार चक्क तलवारीचा असतो. पहिल्यांदा त्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला ती तलवारच वाटली होती.

हे साम्य केवळ माझ्याच डोक्यातले नाही. न्यालच्या सागेच्या शेवटाकडे एक कविता येते, १०१४ साली आयर्लंडमध्ये झालेल्या क्लोनटार्फच्या लढाईशी ती जोडलेली आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला एक माणूस एका झोपडीच्या फटीतून आत पाहतो, तर बारा बायका माग लावून विणत बसलेल्या असतात. ताणा माणसांच्या आतड्यांचा, वजनांच्या जागी माणसांची मुंडकी, बाणा ठोकायला तलवार आणि धोटा म्हणून बाण. त्या वाल्किरी, म्हणजे रणात कोण मरणार ते ठरवणाऱ्या देवकन्या, असतात आणि विणता विणता गातात. लढाईत कोण जगणार आणि कोण मरणार ते त्या विणकामातच ठरत असते. काम संपल्यावर त्या कापड फाडतात, आपापला तुकडा घेतात आणि घोड्यांवर बसून निघून जातात. ज्या समाजाने लढाईचे चित्र मागावर रंगवले त्या समाजातल्या मुलीला माग म्हणजे लढाईच्या विरुद्ध टोकाची वस्तू वाटत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कंटाळा येत असेल, तो मलाही येतो, पण तिटकारा ही निराळी गोष्ट आहे.

लेखिकेला एवढेच करायचे होते. मुलगी भावाची तलवार पहिल्यांदा हातात घेते तेव्हा तिच्या मनगटाला ते पाते ओळखीचे वाटले पाहिजे होते.

वनमाला (धागाकर्ती)

लोकरीचा गुंडा, आपला प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. मुंडक्यांपाशी मी थांबले होते. तिने पुढे वाचायला लावले.

दर्यावर्दी

द्वंद्वाच्या प्रसंगाविषयी थोडे लिहितो, कारण शेवट तिथेच आहे. नायिका मारेकऱ्याला बेटावर गाठून पहिल्याच सपाट्यात आडवा करते काय? वाचून आनंद होतो, पण बेटावरचे द्वंद्व हा त्या काळी नियमांनी बांधलेला कज्जा होता. कोर्माकच्या सागेत ते नियम दिले आहेत : जमिनीवर पाच हात चौरस कापड पसरायचे, भोवती रेघा आखून कोपऱ्यांवर हेझल या झाडाच्या काठ्या रोवायच्या, प्रत्येकाला तीन ढाली, आणि घाव एकाआड एक घालायचे. ढाल पातळ लाकडी फळ्यांची, मध्ये लोखंडी वाटी आणि तिच्यामागे मूठ. ती टिकावी अशी अपेक्षाच नसते, म्हणून तर तीन. रक्त सांडले की बहुधा तिथेच थांबून चांदी देऊन सुटका करून घेता येत असे. मला वाटते, 'भावाच्या ढालीचे तुकडे झाले, आता दुसऱ्याची ढाल हातात घ्यावी लागणार' हा क्षण त्या एका सपाट्याहून कितीतरी मोठा झाला असता. लेखिकेने तो दारात आलेला असताना परत पाठवला.

अनवाणी

सर्व प्रतिसाद आवडले, परंतु एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी पुरेसा केलेला नाही, म्हणून थोडे कडवट लिहिते. जुनी पोथी यांच्या प्रतिसादात दास ओझरते येऊन गेले. कादंबरीतल्या गावात दास आहेत काय? नसतील तर ते गाव खोटे आहे. गलबते जात होती ती बऱ्याच अंशी माणसे पकडून आणण्यासाठी; डब्लिन हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. ९२१-२२ साली बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळाबरोबर व्होल्गाकाठी गेलेल्या इब्न फदलान याने तिथल्या रूस लोकांच्या (पूर्वेकडच्या नद्यांवर वावरणाऱ्या व्हायकिंगांच्या) एका सरदाराचा अंत्यविधी पाहून लिहून ठेवला आहे. सरदाराबरोबर त्याच्या एका दासीला मारून गलबतासह जाळले गेले आणि सुरी चालवणारी एक धिप्पाड म्हातारी होती, जिला ते लोक मृत्यूचा दूत म्हणत. त्या काळच्या स्त्रीच्या हातात पाते होते का, या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे, आणि ते मुखपृष्ठावर येत नाही.

म्होरकी झालेली नायिका पुढच्या उन्हाळ्यात गलबत घेऊन कुठे जाणार होती, हे लेखिकेने सांगायला हवे होते. आयर्लंडच्या किनाऱ्यावरही सोळा वर्षांच्या मुली होत्या.

उत्तररेषा

अनवाणी, आपला मुद्दा मान्य. चौदा वर्षांच्या मुलीला हे कितपत सांगावे, हे वनमालाताई ठरवतील. मला विचाराल तर सांगावे. स्किलित्झेस या बायझंटाइन इतिहासकाराने ९७१ साली डॅन्यूबकाठच्या दोरोस्तोलोन किल्ल्याच्या वेढ्यात रूसांच्या मृतांमध्ये पुरुषांच्या वेशातल्या बायका सापडल्याचे नोंदवले आहे. म्हणजे इब्न फदलानची म्हातारी आणि या बायका एकाच शतकातल्या, एकाच लोकांतल्या. एक वाक्य ठेवून दुसरे झाकता येत नाही.

वनमाला (धागाकर्ती)

इतके भरभरून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. मुलीला सगळे वाचून दाखवले, दासीचेही. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने कादंबरी उघडून दास कुठे कुठे आहेत ते शोधायला सुरुवात केली. दोन जागी सापडले. एकदा पाणी आणताना आणि एकदा आग पेटवताना. नाव एकालाही नाही. माझ्या तर लक्षातही आले नव्हते, आणि मी इथे येऊन विणणाऱ्या बायकांना चेहरे नाहीत म्हणून तक्रार करत होते.

तिचे मत असे की नायिका तिला अजूनही आवडते, पण आता ती तिची मैत्रीण राहिलेली नाही, 'वर्गातली ती एक मुलगी' झाली आहे. हेर्वोरची सागा मागवली आहे. सध्या मात्र घरात एकच ध्यास आहे : बिर्काच्या त्या बाईजवळ ठेवलेल्या सोंगट्यांचा खेळ कसा खेळायचा? तिने पुठ्ठ्यावर चौकटी आखून ठेवल्या आहेत आणि आजीच्या सारीपाटाच्या सोंगट्या पळवल्या आहेत. कोणाला नियम ठाऊक आहेत का?

जुनी पोथी

त्या काळचे संपूर्ण नियम कोणी लिहून ठेवले नाहीत. आज जे खेळतात ते बऱ्याच अंशी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्या १७३२ सालच्या लॅपलँडच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागाच्या, प्रवासातील टिपणांवरून बांधलेले आहेत. तिथले लोक याच कुळातला एक खेळ खेळताना त्याने पाहिले होते. पट नऊ बाय नऊ घरांचा. मध्यभागी राजा, त्याच्याभोवती त्याचे आठ रक्षक आणि चारही कडांना मिळून सोळा हल्लेखोर. सर्व सोंगट्या आपल्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ चालतात. शत्रूच्या सोंगटीला दोन्ही बाजूंनी चेपले की ती मेली. राजा कडेला पोचला तर त्याचा पक्ष जिंकतो, चारही बाजूंनी कोंडला गेला तर हल्लेखोर जिंकतात. दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून एक डाव झाल्यावर बाजू बदलून खेळावे.

वनमाला (धागाकर्ती)

तीन डाव झाले. तिन्ही वेळा तिने हल्लेखोर घेतले, बाजू बदलायला ती तयार नाही. राजाच्या जागी आजीची हळदकुंकवाची डबी ठेवली आहे आणि ती अजून एकदाही कडेपर्यंत पोचलेली नाही. उत्तररेषा, बिर्काच्या बोटी कोणत्या महिन्यापासून सुरू होतात तेवढे कळवाल का?